कावळा कुणाच्या शब्दावर शिवला?

हे खरं आहे.

मी तिथे होतो. माझ्या हातात वायर होती आणि जे झालं ते माझ्या हाताला झालं. ज्याला खोटं वाटतंय त्याने इथेच थांबावं. फुकटचे वाद घालायला मला वेळ नाही.

मी कमळाकर. पेणच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारी गणपतीचा कारखाना, त्यामुळे माझ्या टेबलावर बारा महिने पांढरी धूळ. घरात भूत फिरतंय म्हणून टीव्ही बिघडतो, असं सांगणारं गिऱ्हाईक आलं की मी म्हणायचो, अँटेना फिरव, जाईल भूत. असा मी माणूस.

आणि लोकांना वाटतं असल्या गोष्टी अमावास्येच्या रात्रीच होतात. कसली रात्र न् कसलं काय! जानेवारी १९९७, रोह्याला माझ्या मावशीचं घर, आणि टळटळीत दुपार. अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या. पडवीत ऊन आलेलं. आणि त्या उन्हात...

थांबा. आधी प्रविणचं सांगतो.

प्रविण माझा मावसभाऊ, विमलमावशीचा एकुलता एक मुलगा. माझी आई गेल्यावर मला याच मावशीने वाढवलं, त्यामुळे तो मला सख्खाच. डिप्लोमा झालेला. डोलवीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे कामाला होता. शिफ्ट करून यायचा आणि घरी कॉम्प्युटर बनवत बसायचा.

हसू नका. टीव्हीसारखा दिसणारा कॉम्प्युटर नव्हे. नुसता एक बोर्ड, वहीच्या पानाएवढा. त्यावर ८०८५ नावाची चिप, सोबत आणखी काही चिपा, थोडी बटणं आणि घड्याळात असतात तसे लाल आकडे. बस्स. भाग मुंबईहून आणायचा. बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्यासुद्धा त्याने हाताने आखून घरीच काढलेल्या. मशीन चालू केलं की डाव्या कोपऱ्यात एक आडवी लाल रेघ यायची. म्हणजे मशीन तयार आहे, दाबा बटण. दाबलं की आकडा उमटायचा.

दिवाळीला त्याने मला ते चालवून दाखवलं. मावशीने तर त्याच्यापुढे नारळ वाढवला. तिला कॉम्प्युटर म्हणता यायचं नाही. ती ‘मशीन’ म्हणायची.

दिवाळीनंतर प्रविण आजारी पडला. डॉक्टर कावीळ म्हणाले. औषधं झाली, झाडपाला झाला. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. डिसेंबरात गेला पोरगा. लग्नाचं वय होतं हो.

शेवटी शेवटी तो खाटेवरून एकटक त्या मशीनकडे बघायचा. तेव्हा मशीन बंद पडलेलं होतं. मावशी विचारायची, “कुणाला बोलवू का रं दुरुस्त करायला?” तो मान हलवायचा, पण हो की नाही ते कळायचं नाही. नुसता बघत राहायचा.

मावशीने ते मनात धरलं.

दहाव्याला आम्ही कुंडलिकेच्या काठी गेलो. पिंड मांडले.

कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. समोरचं झाड काळं झालं होतं. पण एकही खाली येईना... आणि एकही ओरडेना.

काळुराम काका, म्हणजे प्रविणचे चुलते, हात जोडून म्हणाले, “प्रविण, तुझ्या आयशीला मी बघीन.” काही नाही. मी म्हटलं, “रोहिणीचं लग्न मी लावून देतो.” रोहिणी त्याची धाकटी बहीण. तरी नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करू म्हणायला लागले.

मग मावशी पुढे झाली. पदर पसरला आणि मोठ्याने म्हणाली, “पोरा, तुजा मशीन मी चालू करीन. माज्या हाताने करीन. जा आता.”

तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोच... कावळा खाली.

काका ढसाढसा रडले. मी मावशीला सावरलं. मागे हात जोडून उभ्या असलेल्या रोहिणीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आता शब्द दिला म्हणजे पाळायला हवा. नाही पाळला तर गेलेला जीव अडकतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मावशी मला म्हणाली, “कमळ्या, पहिल्या मासिक श्राद्धाच्या आत चालू कर रं. माजा पोर वाटेत उभा हाय.”

मला वाटलं, हात्तिच्या! अर्ध्या तासाचं काम.

जानेवारीत रोह्याला गेलो. मशीन पडवीत आणलं. पाच व्होल्टचा सप्लाय प्रविणनेच डब्यात बसवला होता. डब्याला मीटर लावला. पाच व्होल्ट, बरोबर. म्हणजे डबा ठीक. बोर्डवर मीटर लावला.

शून्य.

बोर्ड उलटा केला आणि सापडलं. जिथून करंट आत शिरतो ती तांब्याची जाड पट्टी कापलेली होती. उंदराचं काम नाही. ब्लेडचा सरळ, स्वच्छ काप. म्हटलं, असेल काही प्रयोग. कापावर वायरचा तुकडा टाकला, दोन्ही टोकांना कथील वितळवून सोल्डर केला. डब्याचं बटण बंद करून मीटरने जोड तपासला. पक्का.

“मावशी, ये! दाब बटण!”

मावशी चुलीपुढे होती. म्हणाली, “चा तरी घे आधी. देवाला दिवा लावते आणि मग दाबते.”

आत जाऊन चहा घेतला. देवापुढे दिवा लागला. मावशी पदर सारखा करत पडवीत आली आणि तिने बटण दाबलं.

काहीच नाही.

मी बोर्ड उलटा केला. माझी वायर जागेवर नव्हती.

ती बोर्डच्या शेजारी होती. पडलेली नव्हती... ठेवलेली होती. वाकडी वायर कुणीतरी बोटाने ओढून अगदी सरळ केली होती, आणि बोर्डच्या कडेला लावून ठेवली होती.

प्रविण अशाच ठेवायचा. त्याला वाकडी वायर खपायची नाही.

माझं डोकं सटकलं. घरात आम्ही तिघंच. मी आणि मावशी आत होतो, म्हणजे उरली कोण? “रोहिणी! काय थट्टा लावलीस गो? आयशीची दया येत नाय तुला?”

रोहिणी दारात येऊन उभी राहिली. तोंड पांढरंफटक. माझ्याकडे बघितलं नाही, त्या सरळ वायरकडे बघत होती. मग तशीच आत गेली. मला वाटलं, चोर सापडला.

मी बोर्ड आणि डबा पिशवीत घातला आणि नागोठण्यावरून एसटीने पेणला आणला. म्हटलं, आता बघू कोण काढतंय.

दुसऱ्या दिवशी दुकानात वायर नव्याने लावली. चांगलं जाड सोल्डर ओतलं. मीटरने जोड तपासला, पक्का. आता इथेच चालू करून बघावं असं वाटलं, पण मावशी म्हणाली होती, पहिलं बटण मी दाबणार. म्हणून सोल्डरिंग आयर्नची पिन काढली, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि जेवायला गेलो.

परत आलो. कुलूप तसंच. शटर उचललं.

टेबलावर शेजारच्या कारखान्याची पांढरी धूळ बसलेली. नेहमीचीच. बोर्ड मी ठेवला तिथेच.

आणि बोर्डच्या कडेला... सरळ केलेली वायर.

धुळीवर एका बोटाचाही ठसा नव्हता.

मग सवयीने सोल्डरिंग आयर्न बाजूला करायला हात घातला आणि ओरडलोच. बोट भाजलं. पिन माझ्या डोळ्यांसमोर बाहेर लोंबत होती, आणि टोक तापलेलं होतं.

खोटं कशाला सांगू, घाम फुटला मला. दुकान बंद केलं आणि त्याच पावली रोह्याची गाडी पकडली. म्हटलं, रोहिणीला विचारायचं. ओरडायचं नाही, विचारायचं.

ती विहिरीवर कपडे धूत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातला पिळा तसाच दगडावर ठेवला.

“कमळादादा, ती पट्टी प्रविणदादानेच कापलीय. माझ्या देखत. खाटेवरून उठवत नव्हतं, तरी मला ब्लेड आणायला लावलं.”

“का पण?”

“म्हणायचा, रोहिणी, मी बटण दाबत नाय आणि आकडे बदलतात. आधी वाटायचं कायतरी बिघाड हाय. मग म्हणायला लागला, बटण खाली जाताना दिसतं मला. कुणीतरी दाबतंय. तो जसजसा खंगत गेला तसतशी बटणं जास्त वाजायला लागली, दादा. मी पण ऐकलीत.”

“मावशीला का नाय सांगितलंस?”

“त्याने शपथ घातली होती. आई घाबरंल म्हणून. मला एवढंच म्हणाला, मी असेन-नसेन, पण हे परत कुणाला चालू करू देऊ नको.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “त्या दिवशी नदीवर आई पदर पसरून बोलत होती ना? तेव्हा मी मागे हात जोडले होते. मनात म्हटलं, दादा, मी कुणालाच चालू करू देणार नाय. सुखाने जा. आणि कावळा शिवला.”

विहिरीवर आम्ही दोघंच होतो.

“दादा, तो कुणाच्या शब्दावर शिवला?”

दोघींनी एकाच वेळी शब्द दिलेले. एक मोठ्याने, एक मनात. एक चालू करायचा, एक बंद ठेवायचा. आणि कावळा एकच.

मी मावशीपुढे बसलो. रोहिणीने शपथ मोडून सगळं सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग जी उसळली...

“तापात बडबडला असंल तो! कावळा माज्या शब्दावर शिवला. सगळ्या गावाने बघितलं. आणि ह्यी सांगते मनातलं! मी शब्द मोडू? माज्या पोराला लटकत ठेवू?” माझ्याकडे वळली. “तुज्याने व्हत नसंल तर तसं सांग. कंपनीतला कुणीतरी आणीन मी.”

तिने माझ्यापुढे हात जोडले. ज्या हातांनी मला भरवलं ते हात. आणि ‘तुझ्याने होत नाही’ हे मला आयुष्यात कुणी म्हटलेलं खपलं नाही. काय म्हणायचं ते म्हणा, पण माझ्या मावशीसाठी मी उठलो.

म्हटलं, सोल्डर निघतं ना? मग सोल्डर नकोच. वायर हातात धरतो. पाच व्होल्टने माणसाला काही होत नाही. हात तर कुणी काढत नाही!

बोर्ड पडवीत उन्हात कडेवर उभा केला, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. वायरची दोन टोकं कापाच्या दोन बाजूंना दाबून धरली, घट्ट, दोन्ही हातांनी. मावशी डब्यापाशी बसली. रोहिणी दाराला टेकून रडत होती.

“दाबू?”

मी दाब म्हणणार, तेवढ्यात...

माझ्या उजव्या हातावर काहीतरी आलं.

गार. विहिरीत बुडवून काढलेल्या हातासारखं गार. दिसत काहीच नव्हतं. ऊन होतं, माझा हात होता, वायर होती. पण ती बोटं होती. माणसाची बोटं. माझ्या करंगळीखाली शिरली आणि करंगळी उचलायला लागली. मग तिच्या शेजारचं बोट.

ओढत नव्हती. ओरबाडत नव्हती. लहान मूल झोपलेल्या माणसाच्या मुठीतून काहीतरी काढून घेतं ना, तसं हळू हळू... एकेक बोट...

ती विनवणी होती हो. आज मला कळतंय. तेव्हा मला फक्त भीती वाटली, आणि भीतीने मी काय केलं असेल? मूठ आणखी आवळली. जिवाच्या आकांताने आवळली.

“दाब मावशी! दाब!”

मावशीने बटण दाबलं.

डाव्या कोपऱ्यात लाल रेघ.

आणि त्याच क्षणी ती गार बोटं माझ्या हातावरून सुटली. ओढून नाही घेतली. हरलेला माणूस हात सोडतो तशी सुटली.

“लागला! लागला गो बाय माजा मशीन!” मावशीने जमिनीला डोकं टेकवलं.

मग आवाज आला.

टक.

एक बटण खाली गेलं आणि वर आलं. बटणांवर कुणाचंच बोट नव्हतं. लाल आकडा उमटला.

टक. दुसरं.

मी वायर टाकून दिली आणि डब्याची पिन उपटली. रेघ विझली.

मावशीच्या तोंडावर मात्र हसू होतं. आजारपणापासून मी ते बघितलं नव्हतं. “बघितलंस? दाबलं त्याने. माज्या पोराने दाबलं.”

शब्द पाळून झाला होता. सप्लायचा डबा आणि वायर पिशवीत घातली आणि घरी निघालो. बोर्ड मावशीने आपल्याजवळ ठेवून घेतला. सप्लायशिवाय तो बोर्ड म्हणजे नुसता पत्रा, काय करणार होता?

सकाळी दुकानाशेजारच्या पीसीओवाल्याने हाक मारली. रोह्याहून फोन.

“दादा... ते चालू हाय.”

“काय चालू हाय?”

“मशीन.”

“रोहिणी, वेडी झालीस का? डबा माझ्याकडे आहे.”

“मला माहीत हाय डबा तुमच्याकडे हाय,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मी गेलो. मावशी मधल्या खोलीत खाली बसली होती, भिंतीला टेकून. पुढ्यात पाटावर बोर्ड. त्याला एक वायर जोडलेली नव्हती. आणि लाल रेघ जळत होती.

शेजारी ताट वाढलेलं. भात, वालाचं बिरडं.

“जेवलास का रं?” मावशी विचारत होती.

टक.

“कमळ्या आलाय बघ.”

टक... टक.

मी खाली बसलो. बोर्ड उचलून उलटा केला. पट्टी कापलेलीच होती. मग खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून मी ८०८५ चिप सॉकेटमधून उचकटली. कॉम्प्युटरचं काळीजच ते. चिप माझ्या तळहातावर आली.

रेघ जळतच राहिली.

मावशीने माझं मनगट धरलं. केवढी ताकद! “हात नको लावूस. आताशी आलाय तो.”

“मावशी, हा प्रविण कशावरून?”

ती हसली. “आयशीला कळत नाय व्हय?”

मला कळलं होतं. आदल्या दिवशी माझी मूठ सोडवायला आला तो प्रविण होता. मी त्याचा हात ओळखला होता, कडेवर घेऊन खेळवलाय त्याला मी. आणि तो हरून गेला होता. मग हे कोण होतं? पण हे मी त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगू?

रोहिणीने दोनदा ते मशीन उचलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मावशीने तिच्यावर हात टाकला. पोटच्या पोरीवर. शेवटी तिच्याशी बोलणंच सोडलं. दिवसभर मशीनपुढे. शिमग्याला गेलो तर मावशीचे डोळे पिवळे झालेले. अंगावर मांस राहिलं नव्हतं, आणि चेहरा मात्र समाधानी. बटणं तर इतकी वाजत होती की बोलणं ऐकू येईना.

पाऊस लागायच्या आत मावशी गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, शब्द पाळला मी, माजा पोर घरी आला.

ती गेली त्या घटकेला रेघ विझली. मी आणि रोहिणीने तो बोर्ड भरतीच्या वेळी पुलावरून कुंडलिकेत टाकला. बुडाला. पुढे काही झालं नाही. काही विचारू नका, त्याच्यापुढे मला काही माहीत नाही.

पुलावर रोहिणीने मला एकच विचारलं होतं, “आई तर गेली त्याला भेटायला. पण प्रविणदादा कुठाय, दादा?”

मी तिला हाताला धरून पुलावरून खाली आणलं.

दुकान आता मुलगा बघतो. मी अजून अधूनमधून टेबलावर बसतो. वायर धरली की माझी बोटं आपोआप सैल पडतात. मुलगा ओरडतो, बाबा, नीट धरा, निसटतेय. मी तशीच सैल धरून वाट बघत बसतो. आता कुणी गार हात लावला ना, तर मी एका क्षणात सोडून देईन.

कुणी लावत नाही.